सासूबाईंसाठी कोणती लेन्स?

साताऱ्याहून निघताना माझ्या कपड्यांच्या बॅगेत चार शर्ट होते. कॅमेऱ्याच्या बॅगेत एक कॅमेरा, एक लेन्स, दोन बॅटऱ्या, काच पुसायची तीन प्रकारची फडकी, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि पाऊस संपून महिना उलटला होता तरी एक रेनकोट. रेनकोट माझा नव्हे, कॅमेऱ्याचा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिला डीएसएलआर घेतलेल्या माणसाचं सामान असंच असतं.

कॅमेऱ्याबरोबर एक साधी लेन्स मिळते, अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची. नवशिक्याला ती भरपूर झाली असं सगळे सांगतात आणि पुढच्याच वाक्यात दुसरी कोणती घ्यावी ते सांगायला लागतात. लांबचं जवळ आणणारी सत्तर-तीनशे घ्यावी, की अजिबात झूम नसलेली पण चेहरे देखणे काढणारी पन्नासची घ्यावी? या प्रश्नावर मी सहा महिने व्हिडिओ पाहिले. जेवताना पाहिले, दाढी करताना पाहिले, एका बारशात बाळाच्या कानात नाव सांगत असतानाही पाहिले. शेवटी माझी बायको रेखा म्हणाली, "जिच्यात माझ्या आईचा चेहरा येईल ती घ्या. नाहीतर घेऊच नका."

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. रेखाचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं दिघोरी. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत मी सासूबाईंचा चेहरा पाहिलेला नाही. घर जुन्या वळणाचं. सासूने जावयासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. तो जावयाचा मान. मान मोठा असला तरी माझ्या वाट्याला सासूबाई हप्त्याहप्त्यानेच आल्या. एका दिवाळीत उजवा कान, मेहुण्याच्या लग्नात हनुवटी, एकदा वाऱ्याने कृपा केली तेव्हा नाकातला खडा. यातून पूर्ण माणूस जोडायचा प्रयत्न मी केला, पण जमला नाही.

बरं, घरातल्या दुसऱ्या कुणी मोबाइलवर फोटो काढावा, तर तेही नाही. काढलेला प्रत्येक फोटो मिनिटाभरात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि ग्रुपवर जावई आहेत, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. कुणाच्याही हातात फोन दिसला की पदर नाकापर्यंत येतो. गेल्या उन्हाळ्यात त्या अंगणात पडल्या, हात मोडला. इकडे साताऱ्यात रेखा दिवसभर फोनमध्ये आईचा फोटो शोधत बसली. चाळीसेक पदर सापडले. चेहरा एकच होता, आधार कार्डावरचा. तो पाहून ती आणखीच रडली.

तेव्हा हा प्रवास त्या चेहऱ्यासाठी होता. लेन्स हे निमित्त. माझ्या मनात मात्र तेव्हा हे बरोबर उलटं होतं.

रेखा आणि मी भंडारा रोड स्टेशनला उतरलो, बस धरली. शहर मागे पडलं की वैनगंगेचा लांब पूल लागतो आणि पलीकडे सगळा मुलूख धानाचा. कार्तिक चालू होता. बांध्या (धानाची बांध घातलेली वावरं) अर्ध्या कापलेल्या, अर्ध्या पिवळ्याजर्द. मध्येच एखादा तलाव चमकून जायचा. मी खिडकीतून सत्तरेक फोटो काढले. सगळ्यांत खिडकीचा गज आला.

साकोलीला माझा मेहुणा देवानंद न्यायला आला होता. त्याने आधी हायवेलगतच्या एका स्टुडिओत नेलं. स्टुडिओवाले सिद्धार्थभाऊ तालुक्यातली निम्मी लग्नं काढतात. त्यांच्याकडे दोन जास्तीच्या लेन्स होत्या, एक सत्तर-तीनशे आणि एक पन्नास. चार दिवस दोन्ही वापरा, एक घ्या, एक परत करा, असं ठरलं होतं. त्यांनी लेन्स काढता काढता विचारलं, "नागझिऱ्यात जाऊन राहिले काय जी? वाघ?"

"नाही. सासूबाई."

माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, देवानंदकडे एकदा पाहिलं. देवानंदने मान डोलावली. "मंग अवघड आहे," सिद्धार्थभाऊ म्हणाले. "वाघ निदान रस्त्यावर तरी येते."

पन्नासची लेन्स माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी बजावलं की हिला झूम नाही, झूम आपल्या पायाने करायचा. मी समजल्यासारखं हसलो. माझं मन लांबड्या लेन्सवर आधीच बसलं होतं. पन्नासची लेन्स लाडवाएवढी होती. लांबडी गळ्यात घातली की माणूस काहीतरी वाटतो.

दिघोरीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या), त्यांचा तो कोरडा गोडसर वास. ओसरीत बसतो न बसतो तोच आतून चहा आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला. त्या माझ्याशी बोलतात ते घरातल्या मांजरामार्फत. "पाव्हण्यायले म्हणा, साखर कमी हाये, त्यायले डाकटरनं सांगतलं ना." मांजर उंबऱ्यावर बसून सगळं ऐकतं आणि पुढे काहीच सांगत नाही, पण बावीस वर्षांत आमचं यावाचून अडलेलं नाही. माझी साखर कधी तपासली हेही या बाईला माहीत असतं.

पहिल्या दिवशी सोबतची साधी लेन्स लावून पाहिली. तिला जवळ जावं लागतं. मी एक पाऊल पुढे गेलो की सासूबाई एक पाऊल आत. मी माजघरात, त्या स्वयंपाकघरात. मी स्वयंपाकघराच्या दारात, त्या सांदवाडीत (परसात). कॅमेऱ्यात दाराच्या चौकटीचे अकरा फोटो आले, सगळे उत्तम फोकसचे. जेवायला कोचईच्या (अळूच्या) वड्या होत्या, वांग्याची भाजी होती, त्यावर मूठभर सांबार (आपली कोथिंबीर) आणि तलावातले उकडलेले शिंगाडे. शिंगाड्यांचे फोटो मात्र अप्रतिम आले. रेखा ते पाहून म्हणाली, "शिंगाड्यांनी पदर घेतला नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना वैनगंगेत दिवा सोडायचा होता, म्हणून सगळे देवानंदच्या जीपने पवनीला गेलो. पवनी जुनं गाव. बौद्धांच्या काळापासूनचं. गावाला जुना तट आहे, नदीला घाटामागून घाट आहेत आणि पाणी इतकं रुंद की पलीकडचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो. मी जाहीर केलं की मी तटाचा दरवाजा पाहायला चाललो. निघालो, वळलो आणि शेजारच्या घाटावरच्या एका पडक्या भिंतीआड जाऊन बसलो. लांबडी लेन्स लावली. बेत साधा होता. जावई नाही म्हटल्यावर पदर खाली येईल, आणि तीनशे मिलिमीटरला काहीच दूर नसतं.

बेत बरोबर निघाला. सासूबाईंनी पाय धुतले, दिवा सोडला, पायरीवर बसल्या आणि पदर खांद्यावर पडला. पाठमोऱ्या होत्या. पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा दिसत होता. रेखा काहीतरी सांगत होती आणि त्या हसत होत्या, खांदे हलत होते. एकदा मान वळवली की झालं. माझं बोट बटणावर गेलं.

"कोनाचा फोटो काढून राहिले जी?"

मागे एक म्हातारे डोंगेवाले (लहान होडीवाले) उभे होते. वल्हं हातात. घाटावर बायका बसलेल्या आणि हा टोपीवाला भिंतीआडून तोफ रोखून बसलेला, हे त्यांच्या डोळ्यांनी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घाबरून खरं तेच बोललो, "सासूबाईंचा." त्याने प्रकरण आणखीच वाईट झालं. वल्हं या हातातून त्या हातात गेलं. मग मी सगळं सांगितलं. पदर, ग्रुप, आधार कार्ड, मोडलेला हात, सगळं. म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग बाईले इचारलं काय?"

नव्हतं विचारलं. बावीस वर्षांत मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. सहा महिने सगळ्या जगाला विचारत होतो की लेन्स कोणती घेऊ.

"इचारा ना मंग," म्हातारे म्हणाले आणि मी भिंतीआडून बाहेर येईपर्यंत हलले नाहीत. मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. घाटाकडे पुन्हा पाहिलं नाही, त्यामुळे मान वळली की नाही हे मला माहीत नाही.

परतल्यावर संध्याकाळी मी धीर केला. सासूबाई आत चुलीपाशी, मी ओसरीत, मांजर उंबऱ्यावर. रेखा तांदूळ निवडत होती. मी मांजराला म्हणालो, "सासूबाईंना विचार, त्यांचा एक फोटो काढला तर चालेल का? रेखाला हवाय."

मांजराने माझ्याकडे पाहिलं, उठलं आणि सरळ अंगणात निघून गेलं.

आता आमच्यामध्ये कुणीच नव्हतं. आत भांड्याचा आवाज थांबला. रेखाचे हात थांबले. मग सासूबाईंनी पाण्याच्या पितळी गुंडीला मध्यस्थ नेमलं.

"गुंडे, इचार पाव्हण्यायले, फोटो कायले पायजे? जित्ती हावो ना मी."

"गुंडे," मी म्हणालो, "त्यांना सांग, रेखा साताऱ्याला असते. आईला पाहावंसं वाटलं की ती आधार कार्ड उघडते."

आतून हसू फुटलं. "बाप्पा! त्याच्यात तं मी चोट्टीवानी दिसून राहिली." मग हसू थांबलं. पुढचा आवाज हळू होता. "त्या कॅमेऱ्यातून ते गुरुपवर जाते काय?"

मी सांगितलं की नाही जात. यात एक कार्ड असतं, ते काढलं की फोटो हातात. दुसरीकडे कुठेच जात नाही. सहा महिन्यांत या कॅमेऱ्याची अनेकांनी अनेक कारणांसाठी स्तुती केली होती. हे कारण कुणीच सांगितलं नव्हतं.

"मंग पोरीनं काढावा. पाव्हण्यायनं हात लावू नये, अना पाहू बी नये. कधीच."

मी रेखाकडे पाहिलं. तिच्या मांडीवरच्या सुपात तांदूळ तसेच होते आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती की मला उत्तर द्यायला वेळच लागला नाही. कबूल, असं मी गुंडीला सांगितलं.

सकाळी मी पन्नासची लेन्स लावून दिली. सहा महिन्यांत शिकलेलं सगळं रेखाला दहा मिनिटांत शिकवलं. तिने सगळं ऐकून विचारलं, "बटण कुठलं?" मग मला पुंजण्यांमागे हद्दपार करण्यात आलं. देवानंदला राखणीला बसवलं. त्याने सुपारी कातरत माझ्यावर नजर ठेवली. सांदवाडीतून रेखाचा आवाज आला, काहीच दिसत नाहीये, सगळं काळं. मी ओरडून सांगितलं, झाकण काढ. तिकडे दोघी इतक्या हसल्या की शेजारची कुत्री भुंकली. मग मी ओरडलो, जवळ जा, हिला झूम नाही. हसणं हळूहळू थांबलं. शांतता झाली आणि त्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला. एकदा. बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा.

"भाऊजी," देवानंद म्हणाला, "तुमी काहून रडून राहिले?" मी म्हटलं, धानाचं कुसळ गेलं.

परतीच्या दिवशी साकोलीला कार्ड सिद्धार्थभाऊंच्या हातात दिलं आणि मी पाठ फिरवून हायवेवरचे ट्रक मोजत उभा राहिलो. मागे संगणक सुरू झाला. मग प्रिंटर. "पाहा ना जी," ते म्हणाले. मी पाठमोराच राहून अट सांगितली. त्यांनी फोटो पालथा घातला, पाकिटात सरकवला, पाकीट चिकटवलं आणि रेखाच्या हातात दिलं. कोणती लेन्स ठेवता, असं काही विचारलं नाही. सत्तर-तीनशे स्वतःच उचलून कपाटात ठेवली.

गाडीत नागपूर गेल्यावर रेखाने पाकीट उघडलं. खूप वेळ पाहत राहिली. मग फोटो माझ्याकडे वळवू लागली. "बघा. आईला कोण सांगणार आहे?"

मी खिडकीकडे तोंड केलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. घाटावर मी तो चेहरा न विचारता घ्यायला बसलोच होतो, आणि मिळाला असता तर त्याचं मला काय करायचं होतं हे आजही कळत नाही. विचारल्यावर मिळालं ते हे, न पाहण्याचं काम. ते तरी नीट करावं. नको म्हणालो. रेखाने पाकीट मिटलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली. गाडीत, लोकांदेखत, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

फोटो आता आमच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलेला आहे. त्याच कपाटात माझे शर्ट आहेत. त्यामुळे गेले तीन महिने रोज सकाळी मी पलीकडे उभा राहून शर्टाचा रंग सांगतो आणि रेखा दार किलकिलं करून तो काढून देते. काल निळा मागितला तर पिवळा हातात आला.

म्हणाली, "आईला हा बरा वाटतोय."

मी मुकाट्याने पिवळा घातला.