दिगूचं अर्धं राहिलेलं मशीन

कुडाळात आमच्या ऑफिसखाली भांड्यांचं दुकान आहे, फोन तिथेच येतो. मालवणहून दिगूचा थोरला भाऊ बोलत होता. "दिगू गेलो रे... सकाळीच." मी "बरं" म्हटलं. असं ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण म्हटलं खरं. वर आलो, चालू असलेलं काम फ्लॉपीवर साठवलं, पंखा बंद केला आणि एस.टी. पकडली. कावीळ उतरतेय असंच आठवडाभर ऐकत होतो. महिना उलटला, तरी रडू आलं नव्हतं.

काजूच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचे, हा आम्हा दोघांचा धंदा. त्यात हिशेबाचा भाग माझा, कीबोर्डचा दिगूचा. "आकडे तुझे, बोटां माझी," म्हणायचा. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने मशीन बदललं, तेव्हा त्यांच्याकडे हिशेब भरणाऱ्या सुलभाताईंनी वर जायची बाणाची कळ दाबली की नावात एच घुसायचा. बाई घाबरून गेल्या, आपलाच हात चुकतोय म्हणाल्या. दिगूने त्यांच्याकडून एकेक कळ दाबून घेतली, पडद्यावरचे आकडे बघितले आणि खो खो हसला. "ताई, तुमचो हात चुकना नाय. ह्या मशीन एका बटणाक दोन आकडे धाडता, आणि दुसरो आमी अक्षर म्हणान वाचतो." मग त्याने कळा ऐकणारा भागच वेगळा लिहिला. मशीन काहीही पाठवो, आत जाणार ते फक्त 'वर', 'खाली', 'पूस'. बाईंच्या बोटांची सवय बदलायची नाही, हा त्याचा हट्ट.

पुढे त्याच गिऱ्हाइकाने, म्हणजे ताईंच्या शेटनी, चार पडदे जोडलेलं तिसरंच मशीन आणलं. त्यात बाणाची एक कळ तीन आकडे पाठवते, आणि पहिला नेमका एस्केपचा, म्हणजे बाहेर पडायच्या कळीचा. वर जायला जावं तर प्रोग्रॅमच बंद! एवढं शोधून दिगू अंथरुणाला खिळला. त्याच्या बाराव्याला शेट आले, हात जोडले आणि निघताना म्हणाले, "सीझन तोंडार आसा. जमना नाय तर सांगा, मुंबैच्या लोकांका बोलावतंय." हे गिऱ्हाईक गेलं असतं तर आमच्या ऑफिसला कुलूपच लागलं असतं. मी दिगूचा तो भाग उघडला. एस्केपची जागा रिकामी होती.

उपाय एकच होता. एस्केप आला की जरा थांबायचं. मागून आणखी काही आलं तर तो बाण, नाही आलं तर माणसाला खरंच बाहेर जायचंय. थांबायचं किती, ते दिगूने ताईंच्या शेजारी बसून ठरवलं असतं. मी अंदाजाने आकडा घातला.

परवा मशीन चालू झालं. बाण सरळ चालले, शेट खूश झाले. कुलूप टळलं. दिवसाचं काम संपवून ताईंनी एस्केप दाबला, वाट पाहिली, मग पडदा कोरा झाला.

"बाहेर पडाक ह्या वायच थांबता," त्या म्हणाल्या. "कमी करशात?"

एक आकडा बदलायचा होता, बस. पण मी "नको" म्हटलं.

"असू दे, ताई. मागून काही येतंय का, बघूया जरा..."

ताईंनी खुर्ची सरकवून शेजारी, दिगू बसायचा तिथे, मला बसायला जागा केली, आणि तिथे, शेटच्या ऑफिसात, चार माणसांदेखत मला रडू फुटलं.