हिरव्या चिठ्ठीची खोली

आमच्या रो-हाऊसमध्ये मांजरांच्या दोन खोल्या आहेत. खालची, पार्किंगला लागून, ती ल्युकेमियाच्या मांजरांची. वरची, गच्चीला लागून, ती निरोगी मांजरांची. दोन्हीकडच्या ताटल्या वेगळ्या, झाडू वेगळे, चपला वेगळ्या. खालचं काम सकाळी शेवटी, आंघोळीच्या आधी. वरचं काम आधी. हा क्रम मी चार वर्षांत एकदाही चुकवलेला नाही.

ओझरच्या बाजूला एका कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आलेल्या मालाला पिवळी चिठ्ठी, तपासणीत नापास झाला तर लाल, पास झाला तर हिरवी. हिरवी चिठ्ठी लागली की तो माल रॅकवर गेला, त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही. तीच पद्धत मी घरी आणली. जाळीच्या पिंजऱ्याला पिवळी चिठ्ठी, रक्ततपासणी, मग लाल किंवा हिरवी, मग खाली किंवा वर. मांजरांना नावं नव्हती, नंबर होते. नवरा म्हणायचा, "आपल्याकडे पाहुणे आले की आधी तुझं इन्स्पेक्शन होतं, मग चहा मिळतो." मी हसायचे. पद्धत चालत होती.

मांजरांचा ल्युकेमिया माणसाला होत नाही, कुत्र्यालाही होत नाही. एका मांजराच्या लाळेतून दुसऱ्याकडे जातो. एका ताटलीत खाल्लं, एकमेकांना चाटलं, एवढं पुरतं. तो बरा करणारं औषध नाही. काही मांजरं दोन-तीन वर्षं काढतात, पिल्लं फार तर काही महिने. हिरड्या आधी फिकट होतात, मग पांढऱ्या. तोंडात फोड येतात. भूक लागलेली असते, ताटलीपर्यंत येतात, वास घेतात आणि परत जातात. ही सगळी बाजारात, गटाराच्या कडेला वाढलेली मांजरं. आजारी असतानाही हात लावू देत नाहीत. त्यांची सेवा म्हणजे खरं तर लांबून बघणं, खाण्यात औषध मिसळणं आणि शेवटच्या आठवड्यात जेव्हा ती टॉवेलमध्ये गुंडाळू देतात, तेव्हा समजणं की आता फार दिवस नाहीत. खालच्या खोलीतून मी आजवर अकरा मांजरं उचलली आहेत. त्याचं मला दुःख होतं, पण अपराधी वाटत नव्हतं. ती नापास होऊनच आली होती.

चौदा नंबर मात्र तशी नव्हती.

पंचवटीच्या भाजीबाजारात एक मावशी बसतात. मूळच्या कळवणकडच्या, इथे खोली घेऊन राहतात. त्यांच्या हातगाडीखाली एक काळी-पांढरी मांजरी वाढली होती, वर्षाचीसुद्धा नसेल. बाजारातली मांजरं पकडून, नसबंदीचं ऑपरेशन करून सोडते ती बाई म्हणून त्या मला ओळखायच्या. थंडीत मावशींना कांद्याच्या लागवडीसाठी आणि काढणीसाठी तीन-चार महिने गावाला जायचं होतं. त्यांनी मांजरी स्वतः पिशवीत घालून माझ्या घरी आणली.

"ताई, हिला ठिवा. तिथं कुत्रे लय झाले. मी आले का घिऊन जाईन."

"तपासणी करावी लागेल मावशी. नंबर चौदा."

"चौदा? कैदी हाय का ती?"

ऑपरेशन झालं, रक्त तपासलं, एक रेघ आली. एक रेघ म्हणजे आजार नाही, दोन म्हणजे आहे. हिरवी चिठ्ठी लावून मी तिला वर नेलं. वर आणखी चार होती. ती चौघांपेक्षा धीट निघाली. तिसऱ्या दिवशी माझ्या पायाशी येऊन बसली.

दोन आठवड्यांनी सोळा नंबर आला. लालसर बोका, पाच-सहा महिन्यांचा, अंगाने बारीक. त्याच्या भावंडाला खालच्या खोलीत आधीच लाल चिठ्ठी होती. डॉक्टरांनी रक्त घेतलं, दहा मिनिटं थांबलो, एक रेघ आली. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, हा आजारी भावंडाबरोबर होता. आत्ता नाही दिसला तरी नंतर दिसू शकतो. सहा आठवडे वेगळा ठेवा, परत तपासू." आणि तसं कागदावर लिहूनही दिलं.

मी तो कागद घरी आणला. पंच केला आणि फाइलमध्ये लावला. भिंतीवरच्या माझ्या तक्त्यात रकाने होते ते असे: नंबर, आल्याची तारीख, ऑपरेशन, जंताचं औषध, रक्ततपासणी, खोली. रक्ततपासणीचा रकाना एकच होता. त्यात मी 'पास' लिहिलं, आणि 'पास' लिहिल्यावर पुढच्या रकान्यात 'वर' लिहायला माझा हात थांबला नाही. डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. फक्त ते लिहायला माझ्याकडे जागा नव्हती, आणि ज्याला तक्त्यात जागा नाही ते माझ्या डोक्यातही राहत नाही.

वर सगळ्यांत आधी चौदानेच त्याला घेतलं. तो घाबरून कपाटामागे बसायचा, ती तिथे जाऊन त्याची मान चाटायची. एका ताटलीत खायची. दोघं एकमेकांच्या अंगावर झोपायची. मी तक्त्यात शेरा लिहिला: जमतं.

सात आठवड्यांनी बोक्याने खाणं सोडलं. टॉवेलमध्ये धरून ओठ वर केला तर हिरड्या कागदासारख्या. दवाखान्यात दोन रेघा आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "हा वेगळाच होता ना?"

मी म्हटलं, "नाही. वर होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वरच्या पाचही मांजरांना तपासलं. दोन दिवस लागले, कारण दोघं पकडू देत नव्हती. तीन म्हाताऱ्या मांजरांची एकेक रेघ. एका बोक्याच्या दोन. चौदाच्या दोन. तिची दुसरी रेघ इतकी पटकन आली की दहा मिनिटं थांबायचीही गरज नव्हती.

"काहींचं शरीर लढून दाबून टाकतं," डॉक्टर म्हणाल्या. "सहा आठवड्यांनी परत बघू. फार आशा ठेवू नका."

मी तक्ता नवीन केला. रक्ततपासणीचे तीन रकाने आखले. आखताना नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "आता राहू दे गं." मी पट्टी सरळ धरून रेघा ओढत राहिले. त्या सहा आठवड्यांत लालसर बोका गेला. वरचा तो दुसरा बोका खाली आला, चौदाही खाली आली, लाल चिठ्ठी लागली. दाराशी येऊन बसायची, जणू कुणीतरी चुकून तिला इथे ठेवलंय. आणि ते खरंच होतं. तिचं वजन मी रोज करत होते. तेव्हा कमी होत नव्हतं, म्हणून मी आशा ठेवली. दुसऱ्या तपासणीतही दोन रेघा आल्या.

मावशी त्याच आठवड्यात आल्या. उन्हाने रापलेल्या, हातात तीच जुनी कापडी पिशवी आणि मेथीची जुडी. मेथी मला दिली, पिशवी मांजरीसाठी. मी त्यांना पार्किंगमधल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. आजार काय, कसा पसरतो, का बरा होत नाही, बाजारात परत सोडली तर तिथल्या इतर मांजरांना कसा होईल. क्रमाने, नीट सांगितलं. मला तसंच येतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जाळीच्या दारातून आत बघितलं. मांजरी लगेच आली, डोकं जाळीला घासायला लागली.

"दिसायला तर झ्याक हाय."

"आत्ता आहे. पुढे राहणार नाही."

"मी आनली तवा होतं का हिला?"

"नव्हतं. तपासलं होतं."

"मंग कुठून आलं?"

मी बोक्याचं सांगितलं. तो कागद, ते सहा आठवडे, तेही सांगितलं. कुणी विचारलं नसतं तर सांगितलं असतं का, माहीत नाही. मावशींनी जाळीतून बोट घातलं. मांजरी ते चाटू लागली.

"म्हंजी तुमच्याकडं आनली नसती, तर धड ऱ्हायली असती."

माझ्याकडे उत्तरं होती. कुत्र्यांनी फाडली असती. बाजारातही हा आजार आहेच, तिथेही लागला असता. तीन-चार महिने कोण खायला घालणार होतं. ही सगळी उत्तरं मी दुसऱ्या तपासणीच्या रात्रीच एकाखाली एक लिहून काढली होती, आणि प्रत्येक बरोबर होतं.

"हो," मी म्हटलं. "राहिली असती."

त्यांनी मान हलवली, जसं गिऱ्हाइकाने भाव सांगितल्यावर हलवतात. रागावल्या नाहीत. आत जाऊ का विचारलं. मी दार उघडलं. खालच्या चपला घाला म्हणायचं होतं, म्हटलं नाही. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या, मांजरी मांडीवर चढली, आणि बराच वेळ त्या तिच्या अंगावरून हात फिरवत तिच्याशी गावाकडचं काहीबाही बोलत होत्या. यंदा रोपं खराब निघाली, भाची बाळंत झाली. मी बाहेर उभी होते. हातात मेथी होती, ती आत नेऊन ठेवायचं सुचत नव्हतं.

जाताना त्यांनी रिकामी पिशवी झटकली आणि कमरेला खोचली.

"किती दिस?"

"सांगता येत नाही मावशी."

"मी येनार नाय आता," त्या म्हणाल्या. "मला नाय बघवायचं. ती गेली का सांगूबी नका."

बाजारात मी अजूनही जाते, मांजरं पकडायला जावंच लागतं. मावशींच्या गाडीवरून जाताना त्या भाजीवर पाणी मारत असतात, वर बघत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी एकदा बघितलं. मीही बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी समोरच्या गाडीवरून कोथिंबीर घेतली आणि पुढे गेले.