गोकुळमायला दारात कोण अडवणार

आमच्या सालसेतच्या गावातली निम्मी ख्रिस्ती माणसं ज्या बाईच्या हातात पहिल्यांदा रडली, ती बाई हिंदू होती. गोकुळमाय सुईण. नाकात चमकी, तोंडात कायम पानाचा तोबरा आणि जीभ अशी की बाळंतिणीला कळांपेक्षा तिचीच धास्ती. "ओरड गो, ओरड. घोवाला जवळ घेताना नव्हतीस ओरडली," असं काहीतरी बोलून ती हसवायची आणि त्या गडबडीत पोर बाहेर यायचं.

पण सगळीच पोरं रडत नसत. काही निळी पडून यायची, चार श्वास घ्यायची आणि संपायची. बाप्तिस्मा न होता गेलेल्या पोराला त्या काळी स्वर्ग नव्हता आणि चर्चच्या कबरस्तानात जागाही नव्हती. कुंपणाबाहेर काजूखाली पुरायचं. पाद्रीला आणायला माणूस धावेपर्यंत सगळं आटोपलेलं असे. म्हणून तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रीने गोकुळमायला बोलावून घेतलं. आमच्यात एक सोय आहे: जीव जात असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो, परधर्माचा माणूससुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं, शब्द बरोबर म्हणायचे आणि चर्चला जे करायचं आहे तेच मी करते आहे, एवढं मनात धरायचं.

शिकायला पोर कुठून आणणार? पाद्रीने तिच्यापुढे सोललेला नारळ ठेवला. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा क्रम तिला काही केल्या जमेना. "घाईत कोणी मागेपुढे झालं तर तुमच्या देवाला चालत नाही?" तिने विचारलं. "नाही चालत," पाद्री म्हणाला. अखेर जमलं. तेव्हा ती नारळ उचलून म्हणाली, "पाद्री, हा आता तुमच्यातला झाला. याची चटणी करू की याला पुरू?"

माझा थोरला भाऊ त्या निळ्या पोरांपैकीच. माझी आई पिएदाद शुद्धीवर आली तेव्हा पोर गोकुळमायच्या ओटीत गार पडलं होतं, टाळू ओली होती. "आंजेल नाव ठेवलंय," गोकुळमाय म्हणाली. "शब्द आधी मनात घोकले, मग म्हटले. तू रड, पण तो स्वर्गात गेला की नाही म्हणून रडू नकोस." आंजेलला कुंपणाच्या आत जागा मिळाली. आई त्या एका वाक्यावर जगली. मी तिची मुलगी, मी ते रोज पाहिलं.

पुढे गोकुळमाय थकली, अंथरुणाला खिळली. आईने मनाशी पक्कं ठरवलं की हिला बाप्तिस्मा दिल्याशिवाय मरू द्यायचं नाही. चर्चमधल्या पवित्र पाण्याची बाटली घेऊन ती रोज तिच्या उशाशी जाऊन बसायची, मला सोबत ओढून.

"माय, एकदा घे डोक्यावर पाणी. तुझं काय जातं?"

"सर्दी होईल."

"चेष्टा नको. तू वर नसलीस तर मला तिथे करमेल का?"

"आणि मी तुझ्या स्वर्गात आले तर माझा घोव कुठे असेल? माझा पोरगा विठू होडीतून गेला तो परत नाही आला, तो कुठे असेल? विचार तुझ्या पाद्रीला."

आईने विचारलं नाही, कारण उत्तर तिला ठाऊक होतं.

"मग माझी माणसं बाहेर ठेवून मी आत कशी बसू गो? आणि ज्या सांतेरीला हात जोडून मी प्रत्येक बाळंतपणाला निघाले, तिला आता पाठ दाखवू?"

"आमच्या पोरांना दिलास तेव्हा बरं चाललं."

"तुमची पोरं, तुमचं दार. मी नुसती कडी काढली."

आई चिडून उठली. तिने मग पाद्री बेर्नार्दला गाठलं. हा नवा पाद्री, स्वभावाने मऊ. तो म्हणाला की शिकवण सरळ आहे, बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही. पण मोठ्या माणसाने मागितला तरच द्यायचा, तिला नको असताना पाणी ओतलंत तर तो बाप्तिस्माच नव्हे. आईला त्याचा इतका राग आला की त्या रविवारी तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

मग एका दुपारी गोकुळमायची वाचा गेली. डोळे मिटलेले, छातीत घरघर. तिची सून तुळशीचं पान आणायला अंगणात गेली आणि खोलीत आम्ही तिघीच उरलो. आईने बाटलीचं बूच काढलं. तिचा हात गोकुळमायच्या कपाळावर गेला. मला आईची भीती वाटली आणि तिची दयाही आली. अडवायला मी पुढे झाले नाही. ओतलं असतं तर कोणाला कळणार होतं?

"नाही म्हणालीय ती," आई म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

सून पान घेऊन आली. आईने त्या पानावरून बाटलीतलं पाणी थेंब थेंब गोकुळमायच्या तोंडात सोडलं, ओठ पदराने टिपले आणि ती जाईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

संध्याकाळी वाटेत पाद्री बेर्नार्द भेटला. त्याने बातमी ऐकली होती. आईपुढे थांबून म्हणाला, "पिएदाद, खरं सांगतो, मला माहीत नाही. देवाची दया आमच्या शिकवणीपेक्षा मोठी असेल अशी मी आशा करतो. तिच्यासाठी प्रार्थना करीन."

"तिच्यासाठी नको, पाद्री," आई म्हणाली. "माझा आंजेल स्वर्गात आहे, हे तुम्हीच सांगता ना? आणि तिने पाणी घातलेली बाकीची पोरं?"

"आहेत. त्यात शंका नाही."

"त्यांनी आईचं तोंड पाहिलं नाही, दूध चाखलं नाही. या जगातलं त्यांना एकच ठाऊक आहे, तिचा हात. ती आता तिकडे पोचली असेल, आणि ती सगळी दारात धावली असतील. प्रार्थना करायचीच असेल तर स्वर्गाच्या दारावर राखण करणाऱ्या सां पेद्रूसाठी करा. म्हातारा माणूस तो, इतक्या पोरांना कसा आवरणार?"