तबीथाची निळी फीत

तबीथाला देवानं नम्रता सोडून बाकी सगळं दिलं होतं. हे मत नर्मदाबाईंचं, आणि नर्मदाबाईंच्या मताला पांढरटाकळीच्या मिशनवाड्यात वजन होतं. त्या तिथल्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या, बाळंतपणाला धावायच्या, आणि दर रविवारी उपासना सुटली की गावातल्या नऊ ख्रिस्ती पोरींना शाळेच्या ओसरीत बसवून 'दीपकन्या मंडळ' चालवायच्या. त्या नवांत थोरली तबीथा. सोळा वर्षांची, उंच, सावळी, आणि एकदा बोलायला लागली की समोरच्यानं आपल्याला काय म्हणायचं होतं तेच विसरावं. बाप मुंजाजी पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या लाइनीवर कामाला. तो म्हणायचा, "गाडी सिग्नलला तरी थांबती. आमची तबी कशालाच थांबत न्हाई."

ते अडतीस साल. मंडळाचं वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं आणि नाताळाआधी पूर्णेच्या मेळाव्यात संपायचं. वर्षभरात प्रत्येक पोरीनं चार फिती मिळवायच्या. वचनं पाठ केली की पिवळी, शिवणाला हिरवी, स्वच्छतेला पांढरी आणि सेवेला निळी. चारही मिळाल्या की मेळाव्यात मिशनच्या गोऱ्या मिससाहेबांच्या हातून पितळी बिल्ला. दर वर्षी एवढंच असायचं. पण त्या वर्षी मिससाहेबांनी सांगून टाकलं की पांढरटाकळीच्या मंडळातून बिल्लेवाली एक पोरगी मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला घेणार.

तबीथानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. दोन वर्षांमागं तिची धाकटी बहीण तापानं गेली होती. घरात चार मोठी माणसं होती आणि चौघंही नुसती बघत बसली होती. तो राग तबीथाच्या पोटात अजून तसाच होता. देवावरचा नव्हे, बघत बसण्यावरचा. मुंजाजीनं तिला निक्षून सांगितलं होतं, "बिल्ला आला तर दवाखाना. न्हाई आला तर उन्हाळ्यात लगीन. पुन्हा माझ्यापाशी रडायचं न्हाई."

"रडतंय कोण?" तबीथा म्हणाली.

पिवळी फीत तिनं फेब्रुवारीतच घेतली. डोंगरावरचं प्रवचन, तीन अध्याय, एका दमात. त्यातलं 'जे सौम्य ते धन्य' हे वाक्य तिनं इतक्या घाईनं उरकलं की नर्मदाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. हिरव्या फितीनं मात्र घाम फोडला. झबल्याची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. उसवलं, शिवलं, आता दुसरी लांब! तिसऱ्यांदा तिची आई तानुबाई म्हणाली, "अगं, असं लेकरू कुठून आणावं ज्याला हे बसंल?" चौथ्या खेपेला जमलं. पांढऱ्या फितीसाठी तिनं उरलेल्या आठही पोरींची डोकी एका दुपारी उवांपासून मोकळी केली. पोरी रडल्या, पळाल्या, पकडून आणल्या गेल्या. वर्ष अर्धं सरलं तेव्हा तिच्या ओढणीला तीन फिती टाचलेल्या होत्या.

राहिली निळी. तिचा नियम मोठा अवघड. काम साऱ्या गावाच्या उपयोगाचं पाहिजे, नुसत्या मिशनवाड्याच्या नव्हे. आणि ते झालं म्हणून चर्चच्या बाहेरच्या, गावातल्या माणसानं साक्ष द्यायला पाहिजे. आता मिशनवाडा म्हणजे दोन पिढ्यांमागं वेशीबाहेरचीच वस्ती. येशूला मानलं म्हणून गावानं काही पाट मांडला नव्हता. हाक मारायची ती लांबूनच, वस्तू द्यायची ती वरून टाकून. अशा गावाची सेवा करायची कशी आणि साक्ष मागायची कुणाला?

आषाढात पलीकडच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. नदीचं पाणी गढूळ आणि गावोगावी माणसं दगावायलीत अशी खबर. नर्मदाबाई तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या आणि विहिरींत टाकायची लाल दवा घेऊन आल्या. तिच्यासोबत छापील कागद होता, पण निजामाच्या सरकारचा, म्हणून सगळा उर्दूत. मिशनच्या शाळेत उर्दू शिकलेली तबीथाच होती. तिनं तो तीनदा वाचला. दवा बादलीत विरघळून घ्यायची, बादली तळापर्यंत सोडून पाणी ढवळायचं. अर्ध्या तासानं पाणी शेंदून रंग बघायचा. फिकट गुलाबी राहिला तर बरोबर. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते पाणी कुणी प्यायचं नाही.

"बाई, हीच माझी निळी फीत," तबीथा म्हणाली.

शनिवारी पोरींनी मिशनच्या आडात दवा टाकली. रंग अगदी कागदात लिहिल्यासारखा आला. रविवारी उपासना सुटली आणि नऊजणी ओळीनं पेठेतल्या मोठ्या आडाकडे निघाल्या. पुढं तबीथा, हातात दवेची दुसरी पुडी.

मोठ्या आडावर शब्द चालायचा तो चन्नबसम्माचा. ईश्वरअप्पा दुकानदारांची ही बायको. कपाळाला ठसठशीत विभूती, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की गड्याच्या हातातलं फडकं गळून पडावं. तिच्या धर्मात शिवाशिव नाही असं तिचे स्वामी सांगायचे. पण धर्म मठात, आणि आड गावात!

"तिथंच थांब," ती म्हणाली. "काय हाय ते आश्रुबाच्या पुढं ठिव. त्यो टाकील."

"अम्मा, अशी टाकायची नसती ही. बादलीत विरघळावी लागती. मग मलाच पाणी शेंदून रंग बघावा लागतोय."

"तू शेंदणार? ह्या आडातनं?" चन्नबसम्माचे डोळे मोठे झाले. "आमचे हात काय मोडलेत? ठिव खाली."

नर्मदाबाईंनी मागून तबीथाची ओढणी ओढली. तबीथानं ओठ चावला आणि पुडी दगडावर ठेवली. आश्रुबा चन्नबसम्माच्या घरचा गडी, बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं पुडी उचलली, फोडली आणि सगळीच्या सगळी आडात उपडी केली.

"अरे देवा!" तबीथा किंचाळली. ती पुडी आडाला तीनदा पुरली असती.

घटकाभरानं बायकांनी बादली वर काढली तर पाणी वांग्यासारखं जांभळं. एकीच्या हातातनं दोर सुटला. मग काय विचारता! अर्ध्या गावाचा गलका झाला. क्रिस्तानांनी आड बाटवला, आडात इख घातलं, ह्यांच्या पोटात पयल्यापासून हेच होतं. संध्याकाळी मुंजाजी कामावरनं आला तो पांढराफटक पडूनच. वेशीतच त्याला चौघांनी गाठलं होतं. "तबे, आता साक्ष ऱ्हायली बाजूला," तो म्हणाला. "उद्या गाव आपल्याला इथं ऱ्हाऊ देतंय का बघ. पाया पडतो, गप बस."

भीती वाटत नव्हती असं तबीथानं पुढंही कधी सांगितलं नाही. पण आपलं चुकलेलं नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असताना गप्प बसणं तिच्या हाडातच नव्हतं.

सोमवारी सकाळी पेठेतल्या बायका घागरी घेऊन नदीकडं निघाल्या. मिशनवाड्यावरनंच वाट होती. वाटेच्या कडेला नऊ पोरी उभ्या होत्या आणि पुढं तबीथा.

"नदीचं पाणी नेऊ नका, पलीकडं त्यानंच माणसं मरायलीत," ती मोठ्यानं म्हणाली. "मोठ्या आडात इख न्हाई. दवा जास्त पडलीय, उपसा केला की आड मोकळा. तवर आमच्या आडावर या. कालपासून त्याचं पाणी चांगलं झालंय."

बायकांनी माना वळवल्या आणि गेल्या. एक जण थुंकली. धाकट्या पोरी रडकुंडीला आल्या. तबीथा म्हणाली, "उद्या परत उभं ऱ्हायचं. केस विंचरून या."

मंगळवारीही तेच. आणि मंगळवारी दुपारी पेठेत दोन घरांत माणसं आडवी पडली. एक होता आश्रुबा.

बुधवारी, चांगलं ऊन वर आलेलं असताना, चन्नबसम्मा काखेला रिकामी घागर घेऊन मिशनवाड्यात आली. एकटी. अख्खा वाडा दारात. तबीथानं पुढं होऊन पोहरा आडात सोडला, तोच चन्नबसम्मा म्हणाली, "ठिव. मी शेंदते."

तबीथाच्या हातचं पाणी तिला नको होतं, हे कळायला काही शहाणपण लागत नव्हतं. तबीथाची कानशिलं तापली. जिभेवर चांगली चार वाक्यं आली. पण आश्रुबा तिकडं पाण्यावाचून तळमळत पडला होता. तिनं दोर चन्नबसम्माच्या हातात दिला. "घ्या अम्मा. आश्रुबाला उकळून, गार करून द्या. मीठ आन् गूळ घालून, घोट घोट. थांबायचं न्हाई."

त्या संध्याकाळी पेठेतल्या चाळीस घागरी मिशनच्या आडावर आल्या. गावानं आपली सोयही लावून घेतली. दवा पडली की पाण्याचं औषध होतं, आणि औषधाला कसली आलीय शिवाशिव! नर्मदाबाई नुसत्या हसल्या. आश्रुबा वाचला. दुसऱ्या घरातला म्हातारा वाचला नाही. त्याच्यासाठी तबीथा आडाच्या आडोशाला बसून भरपूर रडली.

शुक्रवारी गड्यांनी मोठ्या आडाचा उपसा केला आणि चन्नबसम्मानं मिशनवाड्यात निरोप धाडला, "त्या उंच पोरीला म्हणावं, तुझा कागद घेऊन ये."

पेठ गोळा झाली होती. कुणी तरी पुटपुटलं. चन्नबसम्मा गरकन वळली, "तुला वाचता येतंय का त्यो कागद? मग गप ऱ्हा." तबीथा आडाच्या दगडावर चढली. तिच्या आजीनं ह्याच आडापासून दहा हातांवर घागर ठेवून कुणी पाणी घालतंय का म्हणून तासन् तास वाट पाहिलेली. तबीथाला असा आनंद झाला की वचनंसुद्धा आठवेनात. तिनं दवा विरघळली, बादली सोडली, ढवळलं. अर्ध्या तासानं पेला भरून उन्हात धरला. फिकट गुलाबी.

"उद्यापासून प्या," ती म्हणाली.

एवढं झालं, पण साक्षीचं काय? नर्मदाबाई वही घेऊन चन्नबसम्माकडं गेल्या. तिनं वहीला हात लावला नाही. "तुमच्या देवाच्या वहीला माझा अंगठा कशाला? मला तोंड हाय की," म्हणाली, आणि आत निघून गेली. दुसरा कुणी तिच्यापुढं जाऊन अंगठा द्यायला धजेना.

डिसेंबरात पूर्णेला मेळावा भरला. सात मंडळं, चर्च खचाखच. मिससाहेबांनी एकेका पोरीची वही उघडली. तबीथाचं पान आलं. कामाखाली सहा ओळी, साक्षीची जागा कोरी. नर्मदाबाई उठल्या आणि मी स्वतः पाहिलंय म्हणाल्या. मिससाहेबांनी मान हलवली. बाई चर्चच्या आहेत. नियम सगळ्यांना एकच. त्यांनी पान उलटलं. मुंजाजी मागच्या बाकावर खाली मान घालून बसला. तबीथा ताठ उभी होती, पण तिला समोरचं काही दिसत नव्हतं.

"ओ मड्डम!" दारातनं आवाज आला.

चन्नबसम्मा उंबऱ्याबाहेर उभी होती. ईश्वरअप्पांची बैलगाडी पूर्णेच्या बाजाराला आली होती, तीतून ती उतरली होती. "मी आत येणार न्हाई. इथनंच सांगते, समद्यांनी ऐका. आमचा आड ह्या पोरीनं न्हाई बिघडवला. हिनं सांगितलेलं मी ऐकलं न्हाई, तिला पायरीला शिवू दिलं न्हाई, म्हणून बिघडला. चूक माझी. आन् नीट केला तो हिनं. माझा गडी जित्ता हाय तो हिच्यामुळं. लिव्हा तुमच्या वहीत."

मिससाहेबांनी पान परत उलटलं आणि लिहिलं. निळी फीत टाचताना त्यांचे हात तबीथाच्या खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिले. बिल्ला लागला, टाळ्या झाल्या. मुंजाजीनं डोळे पुसले आणि शेजाऱ्याला उगाचच गाडीची वेळ विचारली. जानेवारीत तबीथा दवाखान्यात गेली. निजामाचं राज्य जाईपर्यंत ती तिथली थोरली नर्स झालेली होती, आणि नम्रता तेव्हाही आलेली नव्हती.

पण त्या दिवशी टाळ्या थांबायच्या आत ती दाराकडं धावली होती. चन्नबसम्मा अजून उंबऱ्याशीच होती, बोलून घसा कोरडा झालेला. तबीथानं ओसरीतल्या रांजणातनं पेला भरला आणि पुढं धरला.

चन्नबसम्मानं पेल्याकडं पाहिलं. "लाल दवा टाकलीया का ह्यात?"

हो म्हटलं असतं तर दोघींचंही भागलं असतं.

"न्हाई अम्मा. साधं पाणी हाय. माझ्या हातनं भरलेलं."

बैलगाडीतनं ईश्वरअप्पा बघत होते. बाजाराला निघालेली गावची माणसंही थांबली होती. चन्नबसम्मानं एकवार सगळ्यांकडं पाहिलं.

"मग एवढंसंच का आणलंस?" ती म्हणाली. "लय तहान लागलीय." आणि पेला तिच्या हातातनं घेऊन तिनं तिथंच उभ्यानं संपवला.