टोकन नसलेला रुग्ण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. कसं सांगणार — घरात, कामावर, सगळीकडे मी काटेकोर म्हणून ओळखली जाते.

पिंपरीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. त्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ होती. आसपासच्या कारखान्यांच्या दवाखान्यांनी रोज सकाळी एकमेकांना फोन करून नवे रुग्ण सांगायचे, म्हणजे साथ कुठून येते ते लवकर कळेल — ही कल्पना माझीच. मोजायचे ते फक्त टोकन असलेले, कायम कामगार, हा नियमही माझाच. आकडे जुळायला हवेत ना?

एका सकाळी किसन भिंत धरून आत आला. चाकणकडचा, कंत्राटदाराकडे माती उचलणारा. "बाई, आमच्यातलं आनखी तिघं आडवं झाल्यात." त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, खाटेवर निजवलं. आणि शेजारच्या कारखान्यातल्या मालतीताईंना फोनवर सांगितलं, "आमच्याकडे निरंक."

खोटं होतं का ते? त्याच्याकडे टोकन नव्हतं.

आमचे कायम कामगार नळाचं पाणी पीत. कंत्राटी माणसांना टँकरचं. तोच टँकर पुढे मालतीताईंच्या कारखान्यात जाई, तिथे सगळेच ते पाणी पीत.

दुपारी त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे माणसांची रांग लागली होती. "टँकर तर तुझ्याकडंही तोच येतो. तुझं निरंक, म्हणजे पाणी चांगलं. आमच्या दामूअण्णाच्या भाजीतच काहीतरी असणार बघ."

किसन माझ्या पाठीमागे कण्हत होता. एक वाक्य पुरलं असतं. पण मग सकाळचं निरंक चुकलं, माझा नियम चुकला, हे सगळ्या दवाखान्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "असेल."

त्यांनी स्वयंपाकघर बंद केलं. टँकर चालूच राहिला. पाणी तपासेपर्यंत त्यांच्याकडचा एक फिटर गेला — नुकतं लग्न झालेला. दामूअण्णा आचाऱ्याला काढून टाकलं होतं, खरं कळल्यावरही परत घेतलं नाही. आणि किसन? तो बरा झाला. बाईंनी वाचवलं, असं सांगत फिरायचा.

पुढे दर दिवाळीला मी मालतीताईंकडे जात असे. कधीतरी त्या म्हणायच्याच, "टँकर मी आधी थांबवायला हवा होता गं." मी म्हणायची, "ताई, तुम्हाला कसं कळणार?"

गेल्या वर्षी त्या वारल्या. चूक आपलीच, असं समजून.