ओल्या कोब्यावरच्या फळ्या

निजामाच्या राज्यात गंगाखेडला एका तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यात मी आणि माझा दादा सुतारकाम करत होतो. साहेबांच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं. तिच्या पायांना गारठा लागू नये म्हणून खोलीतल्या नव्या कोब्यावर सागवानी फळ्या बसवायच्या होत्या.

कोबा वरून वाळलेला दिसत होता. दादानं त्यावर काचेचा तुकडा ठेवला, कडा मेणानं लिंपल्या आणि मला बजावलं, "उद्या बघ. काचंखाली घाम दिसला तर फळीला हात लावू नको."

सकाळी थेंब होते. पण शिपाई दिवसातून तीनदा साहेबांचा निरोप आणायचा, "कब होगा?" मी थेंब धोतरानं पुसले आणि दादाला सांगितलं, "कोरडं हाय." फळ्या भिंतीला भिडवून आम्ही ठोकून टाकल्या.

बाळंतपणाला आठवडा झाला असेल. दुपारी शिपाई पळत आला. "दार उघडंना! बाईसाहेब अन् बाळ आत हायत, शेगडी पेटलेली हाय!"

ओल पिऊन फळ्या फुगल्या होत्या. दाई दार ओढून बाहेर गेली, तेवढ्यात उंबऱ्याजवळची फळी फुगून वर आली आणि आत उघडणारं दार त्या फळीला अडलं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. बाई आधी हाका मारत होती, मग खोकायला लागली, मग खोकणंही थांबलं. मी दाराच्या सांध्यात पटाशी घातली, पण डोळे सारखे बंद खिडकीकडं जात होते. दादानं माझं मनगट धरलं. "दाराकडं बघ. दुसरीकडं न्हाई."

दाराची खालची फळी फोडली. दाई सरपटत आत गेली. आधी बाळ बाहेर आलं, निळसर, गप्प. दाईनं पाठीवर थापट्या मारल्या. किती मारल्या कोण जाणे, पण शेवटी ते रडलं. बाईला ओढून ओसरीत निजवलं, तेव्हा तिनंही डोळे उघडले.

साहेब आले. "ये किसका काम है?"

दादा पुढं झाला. "माजं, सरकार."

मी दादाच्या पुढं आलो. "न्हाई सरकार. ओल मला दिसली होती. मी पुसली."

साहेबांनी हात उगारला, तसाच खाली घेऊन फळ्यांकडं दाखवला. "निकालो सब."

तीन महिने कोबा उघडा वाळू दिला. मग डांबराचे दोन हात, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि भिंतीपासून बोटभर जागा सोडून फळ्या. तोवर दादा माझ्याशी कामापुरतंच बोलला. एकदाच म्हणाला, "मला तुजं भ्या वाटतं. तू खोटं बोललास, ते मला कळलंच न्हाई."