मुलाखतीच्या खोलीतला कूड

आमची सरिता आत्या रोज सकाळी डबा घेऊन तुरुंगात जाते आणि संध्याकाळी घरी येते. एसटीत शेजारची बाई विचारते, "कुठं कामाला?" आत्या म्हणते, "जेलात." मग ती बाई वीतभर सरकते आणि आत्याला ऐसपैस जागा मिळते. आत्या महिला शिपाई आहे. तुरुंग कुठला ते लिहायचं नाही असं तिनं बजावलंय. छोटासा आहे, आत पंचवीसेक माणसं, आणि सगळ्यांच्या खटल्यांचा निकाल लागायचाय, एवढं पुरे.

मंगळवार हा मुलाखतीचा वार. एक लांबट खोली. मधे जाळी, मग हातभर मोकळी जागा, मग पुन्हा जाळी. अलीकडे घरची माणसं, पलीकडे कैदी, आणि सगळे एकाच वेळी बोलणार. शेजारचा ओरडतो म्हणून आपण ओरडायचं, आपण ओरडतो म्हणून शेजारच्यानं बेंबीच्या देठापासून.

"आये, साबण आणलास काय?"

"गाय व्याली रे!"

"वकील काय बोलला?"

"पाडा झाला!"

"वकिलाला?"

एका मंगळवारी पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतली आवडीकाकू आली. तिचा पोरगा मुरारी बांधावरच्या हाणामारीत आत गेलेला. काकूचा आवाज म्हणजे ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाळी घालायचा. ती जाळीला तोंड लावून म्हणाली, "मुरारेऽऽ! तुजी सोयरीक मोडली रेऽऽ! कापडे गावच्या पाव्हण्यांनी निरोप धाडलान्!"

सगळ्या खोलीनं माना वळवल्या. सोयरीक मोडल्याचं मुरारीच्या आधी पंधरा जणांना कळलं.

संध्याकाळी जेवणाच्या रांगेत तुडीलच्या हृतिकनं तोंड उघडलं. हा मुंबईत चार वर्षं राहून आलेला. "टेन्शन नहीं लेने का भाई. दुसरी भेटंल. कापड्याला पोरी काय कमी हायत?" मुरारीनं भाताची थाळी त्याच्या तोंडावर मारली. हृतिकचा ओठ फुटला.

दुसऱ्या दिवशी सुशांतसाहेबांनी आत्याला बोलावलं. साहेब तुरुंगाधिकारी. बोलणं एकदम शुद्ध, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "सरिताताई, पुन्हा असा प्रकार घडल्यास मुरारीला जिल्ह्याच्या कारागृहात हलवण्याचं पत्र मी तयार ठेवलं आहे. फक्त सही बाकी आहे."

जिल्ह्याला जायचं तर आवडीकाकूला पहाटे वाडीवरून दीड तास उतरायचं, मग दोन गाड्या बदलायच्या. दर मंगळवार सोडा, सणावारीसुद्धा मुरारी दिसला नसता.

"सर, वर्षात सात मारामाऱ्या झाल्या," आत्या म्हणाली. "त्यातल्या सहा मंगळवारी संध्याकाळी. पोरं वाईट नाहीत, खोली वाईट आहे. मधे आडोसे घालू या."

"भिंती? म्हणजे अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. दोन वर्षं धरा."

आत्यानं हे फाटकाशी आवडीकाकूला सांगितलं. काकू फिस्कन हसली. "भित कशाला गो? कूड घाल की! कारवी आमच्या डोंगराव मोप." कारवीच्या काठ्या विणायच्या, वरून शेणमाती लिंपायची, की झाला कूड. काकूच्या घराच्या निम्म्या भिंती त्याच्याच.

आत्यानं कुडाचं सांगितलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढला. "नियमावलीत कुडाचा उल्लेख नाही."

"मनाईचा पण नाही, सर."

साहेबांनी चष्मा पुसला, घातला. "येत्या मंगळवारी वरिष्ठांची तपासणी आहे. त्यांनी काढा म्हटलं, की त्याच दिवशी काढायचा."

आत्यानं जागा आखली. कूड फक्त नातेवाइकांच्या बाजूला, आणि छातीपर्यंतच: बाकावर बसलेल्याला आडोसा, पण उभ्या शिपायाला सगळी डोकी दिसली पाहिजेत. रविवारी काकू दोघी शेजारणींना घेऊन आली. आत्यानं काठ्या आत येताना मोजल्या, उरलेल्या बाहेर जाताना मोजल्या. "एक काठी आत राहिली, तर माझी नोकरी बाहेर!"

मंगळवारी सकाळी आत्या बघते तर प्रत्येक कुडात एक चिंधी खोचलेली. ओढली. मागे मूठभर भोक!

"काकू, हे काय?"

"भोक."

"ते दिसतंय. कशाला?"

"दोन जावांच्या चुलींमधल्या कुडाला भोक ठेवतातच. नायतर इस्तव कुठनं द्यायचा? कालवण कुठनं?" काकूला प्रश्नच कळेना.

"अगो काकू, हा तुरुंग हाय!" आत्यासुद्धा घाबरली की वाडीसारखंच बोलते.

बुजवायला वेळच नव्हता. तपासणीच्या निशा मॅडम आल्याच, साध्या सुती साडीत. मुलाखत सुरू झाली. मॅडम काही न बोलता एका रिकाम्या आडोशात जाऊन बसल्या, शेजारचं ऐकू येतं का ते बघायला. नुसती कुजबुज येत होती. शब्द एकही नाही.

आणि कुडातून एक हात आला. हातात चतकोर भाकरी.

"घे गो बाय," पलीकडून आवडीकाकू. "पैल्यांदा आलीस काय? रडू नको. मी पण रडलेली. कोण हाय तुजा आत?"

मॅडमनी मनात बेरीज केली. "चौदाशे जण आहेत."

"चौदाशे? अगो माजे बाय! आख्खा गावच आत घातलान् की!"

दारात सुशांतसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मॅडम उठल्या, कुडावरून वाकल्या आणि आपण कोण ते सांगितलं; चौदाशे म्हणजे त्यांच्या हाताखालच्या सगळ्या तुरुंगांतले कैदी. काकूनं पदर तोंडावर घेतला, पण हात मागे घेतला नाही. भाकरी तशीच पुढे.

मॅडम आत्याला म्हणाल्या, "आज भाकरी आली. उद्या तंबाखू येईल, परवा ब्लेड."

"बुजवते, मॅडम. आत्ता लगेच."

"मग नव्या बाईची कोण विचारपूस करंल?" काकू पदराआडून.

मॅडमनी भोकात बोट घालून कुडाची जाडी पाहिली. "बुजवू नका. बारीक जाळी बसवा. शब्द जाऊ दे, हात नको. कूड राहू दे." मग साहेबांना म्हणाल्या, "आखणी कोणाची? चांगली आहे." आणि उभ्या उभ्याच भाकरीचा तुकडा मोडला.

त्या संध्याकाळी आत्या मुद्दाम जेवणाच्या रांगेपर्यंत थांबली. थाळ्या वाजल्या. हृतिक मुरारीच्या मागेच उभा. आत्याचा हात शिट्टीवर.

"काय बोलली रे तुझी आये?" हृतिकनं विचारलं.

"तुला काय करायचाय?"

"तसं नाय भाई. आज कुणाचंच काय ऐकाय आलं नाय. फुल बोअर झालं."

मुरारी हसला. सोयरीक मोडल्यापासून पहिल्यांदाच. भात घेतला आणि सरकून हृतिकला जागा दिली.

आत्यानं साहेबांच्या खोलीत डोकावून सांगितलं, "सर, मंगळवार गेला." साहेबांनी टेबलावरचं मुरारीचं बिनसहीचं पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारलं.